पोटखराब्यातील फुलबाग

(लेखक : एक सेवानिवृत्त महसुली कारकून, मु. पाचाड, ता. महाड, जि. रायगड)

शेतीच्या मासिकात फुलझाडांविषयी, आणि तीही बाजारात ज्यांस कवडीचे मोल नाही अशा रानफुलांविषयी कोणी लिहू लागला, तर कित्येक वाचकबंधू पान उलटतील हे मी जाणून आहे. भात, नाचणी, आंबा, काजू, दुभती जनावरे यांविषयी माझ्याहून अधिकारी पुरुष ह्या मासिकात लिहीत असतात. मी शेतकी शाळेत गेलेलो नाही. माझे शिक्षण मराठी शाळेपुरते, आणि उमेदीची सर्व वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात गेली. तथापि एका विषयावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार त्या दप्तरानेच मला दिला आहे असे वाटते. तो विषय म्हणजे पोटखराबा. आज जे सांगावयाचे आहे ते त्या पोटखराब्याविषयीच आहे.

हा शब्द प्रत्येक खातेदाराने आपल्या सात-बाराच्या उताऱ्यावर वाचलेला असतो. गोल्डस्मिड व विंगेट ह्या साहेबांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पैमाष सुरू केली तिच्या धर्तीवर पुढे मुंबई इलाख्याची मोजणी झाली. शेताच्या क्षेत्रातून जेवढा भाग कातळ, ओहोळ वगैरे कारणांनी लागवडीस अयोग्य दिसला तेवढा वजा करावा व उरलेल्यावर आकार बसवावा, अशी ती पद्धत. वजा झालेला भाग तो पोटखराबा. म्हणजे शेताच्या पोटातला खराब भाग. जेथे पिकत नाही तेथे सारा द्यावा लागू नये, हा त्यातला हेतू रयतेच्या हिताचाच होता. परंतु शब्दाचाही एक संस्कार असतो. ज्या तुकड्यास कागदावर पिढ्यान्‌पिढ्या 'खराब' म्हटले, त्याकडे मालकही खराब म्हणूनच पाहू लागतो. नोकरीच्या काळात मी हा शब्द किती उताऱ्यांवर लिहिला असेल याची गणती नाही, आणि लिहिताना त्या तुकड्यावर काय उगवते हे एकदाही उठून पाहिले नाही. हा दोष खात्याचा नव्हे, माझा आहे.

आजच हा विषय काढण्यास दोन कारणे घडली. पहिले कारण नियमांचे. २०१८ साली नियमांत दुरुस्ती होऊन, वर्ग 'अ' मधील पोटखराबा शेतकऱ्याने मेहनतीने लागवडीखाली आणला असेल तर त्याची नोंद लागवडयोग्य क्षेत्रात करून घेण्याची सोय झाली. ही सोय न्याय्यच आहे. ज्याने घाम गाळून माती केली त्याला त्या मातीवर कर्ज व विमा का मिळू नये? परंतु त्या सोयीचा अर्थ कित्येकांनी असा घेतला, की कातळ दिसला की तो फोडलाच पाहिजे. दुसरे कारण आमच्या गावचे. २०२५ च्या जुलै महिन्यात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत आमचा रायगड आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण गडावर येणारा प्रत्येक पाहुणा गाडी घेऊन येतो आणि गाडीस सपाट जागा लागते. तेव्हा पायथ्याच्या गावांतून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न आहे : घरामागचा कातळ सपाट करून घ्यावयास यंत्राचे तासाला काय पडते?

हा प्रश्न माझ्याही घरात आला आहे. आमच्या घरामागे दीड गुंठ्याचा कातळ आहे. अर्धा माझा व अर्धा माझ्या पुतण्याचा. पुतण्या उद्योगी आहे, व्यसन नाही, बोलण्यास मऊ. तो म्हणतो, "काका, आठ दिवस यंत्र लावले की कातळ साफ होतो. वर चार डंपर लाल माती टाकू. अर्ध्यात काजू लावू, अर्ध्यात गाड्या उभ्या राहतील." त्याचे म्हणणे हिशेबास धरून आहे, आणि हिशेबाला हिशेबाने उत्तर देणे मला अजून साधलेले नाही. तीन वर्षे मी त्याला एवढेच सांगत आलो आहे, की अजून एक पावसाळा थांब. का थांब, ते ह्या लेखात सविस्तर मांडतो. वाचकांनीच निवाडा करावा.

प्रथम त्या कातळावर काय आहे ते पाहू. मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले, की जमिनीस चिकटलेल्या पानांवर पांढरी आमरी फुलते. आषाढात जेथे वरच्या उतारावरून पाणी अखंड पाझरते, त्या उभ्या दगडाच्या फटींत एक बुटका तेरडा येतो. आपल्या परसातला तेरडा कमरेएवढा होतो. ह्याला खोडच नाही. पाने सरळ कंदातून निघून दगडाला चिकटून राहतात, वितीएवढ्या नाजूक देठावर गुलाबी फुले डोलतात, आणि प्रत्येक फुलाला मागे बाकदार लांब शेपूट असते. त्या शेपटीत मध असतो. श्रावण-भाद्रपदात कातळाच्या खोलगट भागात बोटभर पाणी साचते. तेथे सीतेच्या आसवांची जांभळी-निळी फुले, दवबिंदूची चिकट तांबूस पाने आणि गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या दिसू लागतात. कडेला नभाळी आणि कवळा. नवरात्राच्या सुमारास सोनकीने वरची कड पिवळी होते. दिवाळी उलटली की सर्व वाळते. वैशाखात त्याच कातळावर उभे राहावे तर तळवे भाजतात, आणि येथे जीव आहे असे शपथेवर सांगितले तरी कोणी मानणार नाही. मोजणीवाले साहेब येत ते बहुधा उन्हाळ्यात. त्यांनी 'खराब' लिहिले यात त्यांचा तरी काय अपराध?

ही झाडे बुटकी का? शेतकऱ्यास हे समजावयास कठीण नाही. कातळावर माती एक-दोन बोटे. पावसाळ्यात आमच्या भागात शंभर इंचांहून अधिक पाणी पडते, ते त्या मातीतले सत्त्व धुऊन नेते. नत्र जवळजवळ नाहीच. म्हणून दवबिंदू पानावरच्या चिकट थेंबांनी चिलटे धरतो, आणि सीतेची आसवे मुळांपाशी असलेल्या बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म कीटक ओढून घेतात. जमीन जे देत नाही ते शिकार करून मिळवावयाचे. त्यातून सात-आठ महिने कोरड. अशा ठिकाणी उंच वाढण्याची चैन परवडत नाही. चार महिन्यांत फुलावे, बी टाकावे, आणि उरलेला काळ कंदात किंवा बीजात निजून काढावा, हा त्यांचा संसार. ज्या गरिबीत गवतही टिकत नाही त्या गरिबीवरच ही झाडे जगतात. ही एक गोष्ट ध्यानात धरली तर पुढचे सर्व नियम आपोआप समजतात.

अशा झाडांची दगडी बाग करण्याचा छंद विलायतेत व अमेरिकेत मोठा आहे. चंदिगडची नेकचंद यांची दगडी बाग, जी १९७६ साली लोकांस खुली झाली, ती ह्याहून वेगळी. नेकचंद हे रस्ते-निरीक्षक, म्हणजे आमच्यासारखेच लहान सरकारी नोकर. त्यांनी टाकाऊ वस्तूंच्या मूर्ती उभ्या केल्या. मी म्हणतो ती बाग म्हणजे डोंगरावरची बुटकी झाडे त्यांच्या सवयीच्या दगडांत वाढविण्याची. इंग्लंडात रेजिनाल्ड फॅरर याने विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या विषयावर पुस्तके लिहून लोकांस नाद लावला, आणि १९२९ साली तेथे अशा बागवाल्यांची संस्था निघाली. तिचे सभासद दरवर्षी आपापल्या बागेतले बी संस्थेकडे पाठवितात व एकमेकांच्या बियांतून हवे ते मागून घेतात. त्या लोकांचे एक आवडते झाड कोलंबाइन नावाचे आहे. हिमालयातही त्याच्या जाती आहेत, सह्याद्रीत नाहीत. त्याच्या कुळातली मोरवेल मात्र आपल्या कुंपणांवर चढते. कोलंबाइनच्या बुटक्या जाती उंच पर्वतावरील खडकांच्या फटींत वाढतात, आणि त्यांच्या फुलांना मागे मधाच्या नळ्या असतात. आमच्या बुटक्या तेरड्याच्या शेपटीसारख्याच.

ह्या कोलंबाइनचा दाखला देण्याचे कारण निराळेच आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानाने १८९९ साली ते आपले राज्यफूल ठरविले. पुढे लोक डोंगरावर जाऊन गाडीभर फुले व रोपे उपटून आणू लागले असतील. कारण १९२५ साली तेथे कायदा करावा लागला. सरकारी जमिनीतून ते झाड मुळासकट उपटण्यास बंदी झाली, आणि फुलेसुद्धा एका माणसाने दिवसास पंचविसांहून अधिक तोडू नयेत असे ठरले. म्हणजे ज्या फुलावर राज्याचे प्रेम, त्यालाच त्या प्रेमापासून वाचवावे लागले. बागवाल्यांनीही अनुभवाने हेच जाणले, की कोलंबाइनचे मूळ खोल व एकेरी असते, उपटलेले रोप बहुधा जगत नाही; बीच पेरावे. शिवाय त्याच्या दोन जाती शेजारी लावल्या तर संकर होतो व बी शुद्ध राहत नाही. म्हणून कोणते बी कोठून आणले हे लिहून ठेवावे.

हे शहाणपण मला आधी ठाऊक असते तर माझ्या हातून एक अपराध टळला असता. सहा वर्षांपूर्वीच्या श्रावणात रजेवर घरी आलो असता आमच्या डोंगरउतारावरील एका पाझरत्या दगडापाशी तो बुटका तेरडा मला प्रथमच नीट दिसला. वास्तविक लहानपणापासून तेथून शेकडो वेळा गेलो असेन. मोह झाला. पहारीने फट मोकळी करून वीस-बावीस रोपे कंदासह काढली आणि घरी आणली. चांगले करावे म्हणून काय काय केले! वाफा खणला, लाल माती घातली, त्यात कुजलेले शेणखत मिसळले, भोवती दगड सिमेंटात बसविले. आठ दिवसांत पाने पिवळी पडली. पंधराव्या दिवशी कंद हातात घेतला तो बोटांत चिरडला गेला. खताने गवत मात्र गुडघाभर झाले. एवढ्यावर भागले असते तरी मी ते विसरलो असतो. परंतु पुढच्या पावसाळ्यात त्या दगडापाशी गेलो तो फट रिकामी. शेवाळ होते, पाणी पाझरत होते, फूल एकही नाही. माझ्याच डोंगरावर मी माझ्याच हाताने चोरी केली होती, आणि तिचा पंचनामा करावयासही मीच उभा होतो.

त्यानंतर शिकलो ते बंधूंच्या उपयोगासाठी क्रमाने देतो.

पहिली गोष्ट जागेची. ज्याच्या शेतात वा घरामागे मूळचाच कातळ आहे त्याने नवे दगड आणून ढीग रचू नये. आहे तोच कातळ बागेस उत्तम. उत्तरेकडील किंवा पूर्वेकडील बाजू पसंत करावी, म्हणजे दुपारचे ऊन टळते. पाणी साचून कुजेल असे नको, पण सरकत राहील असे हवे. सिमेंट मुळीच वापरू नये. त्यातला चुना झिरपून ह्या झाडांस बाधतो. फट फार मोकळी असेल तर दगडाची बारीक कच दोन भाग आणि चाळलेली कातळावरचीच माती एक भाग अशी भर द्यावी.

दुसरी गोष्ट खताची. शेण, लेंडी, गांडूळखत, पोत्यातले खत, यांतले काहीही घालू नये. शेतकऱ्याच्या हातास ही गोष्ट सर्वांत जड जाते. परंतु येथे खत घालणे म्हणजे गवताला आमंत्रण. पोट भरलेल्या जमिनीत गवत जिंकते, उपाशी जमिनीत फूल.

तिसरी गोष्ट बीजाची. तेरड्याची बोंडे पिकली की हात लागताच फुटतात व बी उडून जाते. म्हणून बोंड फुगून फिकट दिसू लागले की त्यावर जुन्या धोतराच्या तुकड्याची सैल पुरचुंडी बांधावी. दहा बोंडांतील दोनांहून अधिक घेऊ नयेत. उरलेली त्या डोंगराची. आपल्या मालकीच्या जमिनीतूनच बी घ्यावे. वनखात्याच्या हद्दीत आणि गडावर हात लावू नये. तेथे तो गुन्हा आहे, आणि नसता तरी शोभले नसते. बी कागदाच्या पुडीत घालून, पुडीवर जागा व तिथी लिहून, तळाशी कोरडी राख घातलेल्या मडक्यात ठेवावे. विलायती कोलंबाइनच्या बीजास उगवण्यापूर्वी बर्फाची थंडी लागते. आमच्या बीजाचा विसावा चैत्र-वैशाखाच्या कोरडीत होतो, तो मोडू नये.

चौथी गोष्ट पेरणीची. मृगाच्या चार-आठ दिवस आधी बी बारीक वाळूत मिसळून फटींत टाकावे. वर मातीचा थर नको. चिमूटभर कच पुरे. उन्हाळ्यात पाणी मुळीच घालू नये, कारण निजलेला कंद ओलाव्याने कुजतो. आणि येथे धीर धरावा लागतो. माझ्या पेरणीच्या पहिल्या वर्षी दोन-दोन पानांपलीकडे काही आले नाही. घरची मंडळी हसली. दुसऱ्या वर्षी सात कंदांना फूल आले. गेल्या पावसाळ्यात मी मोजली ती एकेचाळीस. त्यांचे थोडे बी त्या डोंगरावरच्या रिकाम्या फटीत नेऊन टाकले आहे. तेथे अजून दोनच उगवली आहेत. कर्ज फिटले असे म्हणता येत नाही, पण हप्ता सुरू झाला आहे.

पाचवी गोष्ट कुंपणाची. बाग म्हटली की कुंपण घालून गुरे बंद करावीत असे वाटते. यात कासच्या पठाराचा अनुभव ध्यानात घ्यावा. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांस युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला त्यांत सातारा जिल्ह्यातील हे पठार आहे. गर्दीपासून फुले वाचावीत म्हणून तेथे जाळीचे कुंपण घातले गेले. परंतु गुरांचे चरणे थांबल्याने उंच गवत व झुडपे माजून लहान फुलांची जागा जाते असे म्हटले जाऊ लागले, आणि पुढे ते कुंपण काढण्यात आले. म्हणून माझा प्रघात असा : पाऊस लागल्यापासून बी गळेपर्यंत गुरे दूर ठेवावीत, आणि कार्तिकात खुशाल सोडावीत. गवत उरले तर विळ्याने कापावे. जाळू मात्र नये. रानमोडी दिसेल तेथे फुलण्यापूर्वी मुळासकट काढावी. तिला एक वर्ष सूट दिली तर पुढे दहा वर्षे वेठ करावी लागते.

काही झाडे मात्र घरी लावण्याचा हट्ट धरू नये. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते आणि जमिनीतील विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्यावाचून ते रुजत नाही. ती जेथे आहे तेथे राहू द्यावी, हीच तिची लागवड. उलट काही झाडे हाताने वाढविल्यानेच पसरली आहेत. शिवनेरीसारख्या गडांच्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी घ्या. जगात महाराष्ट्राबाहेर ती मूळची कोठेच नाही. डालझेल साहेबाने तिचे शास्त्रीय नाव मुंबईचे गव्हर्नर फ्रिअर यांच्यावरून ठेवले. मांसल खोड, उन्हाळ्यात गळणारी पाने, आणि तांबड्या चांदणीवर पिवळे ठिपके असलेले फूल, असे तिचे रूप. तिचे खोड तोडून लावले तर सहज मूळ धरते. म्हणून देशोदेशीच्या वनस्पतिबागांत ती आज वाढते आहे. तरीही बागेतली हजार रोपे म्हणजे कड्यावरचे एक झाड नव्हे. कड्यावरच्याला त्याची माशी, त्याचा वारा, त्याचे शेजारी असतात. बागेने डोंगराची जागा घेऊ नये. डोंगराला बी पुरवावे, एवढेच तिचे काम.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप, ह्यात उत्पन्न काय? सरळ उत्तर देतो : रोख उत्पन्न नाही. जो लेखक रानफुलांतून गुंठ्यास इतके हजार मिळतील असे लिहील त्याच्यावर विश्वास ठेवू नये. परंतु न दिसणारी प्राप्ती आहे. आमच्या शेजारी घाटावर, महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. मधमाशीस वर्षभर काही ना काही फुललेले लागते. आंबा-काजूच्या मोहराला ज्या माश्या हव्यात त्या भाद्रपद-आश्विनात काय खाऊन राहणार? कवळा, सोनकी, तेरडा हीच त्यांची बेगमी. दुसरे, कवळा आणि फोडशी ह्या पावसाळी भाज्या माळावरून व कातळाच्या कडेवरूनच आपल्या ताटात येतात. तिसरे, फटी शाबूत असलेला कातळ पावसाचे थोडे पाणी मुरवतो. फोडून सारखा केलेला आणि वर सैल माती टाकलेला उतार पहिल्याच मोठ्या पावसात ती माती खालच्या खाचरात नेऊन टाकतो. २२ जुलै २०२१ रोजी आमच्याच तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दरडीची मीमांसा करणे हे भूगर्भशास्त्राच्या जाणकारांचे काम. मी त्यात शब्द घालणार नाही. परंतु त्या दिवसानंतर डोंगराच्या पायथ्याशी यंत्र लावताना ज्याचा हात अडखळत नाही, त्याच्या धाडसाचे मला नवल वाटते.

दुसरा आक्षेप, ही फुले डोंगरावर आपोआप येतात, मग लावावयाची कशाला? आपोआप येत होती हे खरे. भाताचे स्थानिक वाणही आपोआप टिकून होते, असेच आपण समजत होतो. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे घरात साठवून ठेवले म्हणून पुढे त्यांस २०२० साली पद्मश्री मिळाली. आणि ते बियाणे साठविण्याची वेळ का आली, ते आपण सर्वच जाणतो. जे आपोआप आहे ते आपोआप जाते, एवढेच की जाताना सांगत नाही. डोंगरावरची ती रिकामी फट मी पाहिली आहे.

तिसरा आक्षेप घरच्या स्त्रियांचा : कातळाच्या फटीत साप-विंचू राहतात. राहतात, आणि फोडलेल्या दगडांच्या ढिगात त्याहून अधिक राहतात. घरालगतची दहा हात जागा साफ ठेवावी, रात्री दिवा घेऊन जावे.

शेवटी संस्थेस व ग्रामपंचायतींस तीन सूचना करतो. एक, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. त्या वहीत गावातील कातळांची सर्व्हे नंबरवार नोंद व्हावी, आणि कोणत्या महिन्यात तेथे काय फुलते ते मुलांकडून व वृद्ध स्त्रियांकडून विचारून लिहावे. सात-बाराने ज्या तुकड्यास खराब म्हटले त्याची दुसरी बाजू कोठल्या तरी सरकारी वहीत लिहिलेली असावी, एवढीच एका जुन्या कारकुनाची इच्छा. दोन, आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत बियांच्या देवघेवीचे एक टेबल मांडावे. मात्र रानफुलांचे बी आपल्याच तालुक्यातले असावे आणि पुडीवर गावाचे नाव असावे. तीन, ज्या सभासदाकडे कातळ आहे त्याने सगळा नव्हे, एक गुंठा तरी यंत्राविना राखावा. शंभर सभासदांनी ऐकले तर अडीच एकर होतात, आणि एवढ्या क्षेत्रात ह्या बुटक्या झाडांचे मोठे राज्य मावते.

पुतण्याचे काय झाले, असे वाचक विचारतील. कातळाचे वाटप कागदोपत्री झालेले आहे. त्याच्या अर्ध्या हिश्शावर माझा हक्क नाही, आणि तो सांगण्याची माझी इच्छाही नाही. पण गेल्या भाद्रपदात गौरी आणावयाच्या दिवशी त्याची आठ वर्षांची मुलगी तांब्या घेऊन घरामागे गेली आणि तेरडा घेऊन आली. आईने विचारले, कोठून आणलास? ती म्हणाली, "आपल्याच कातळावरून. आजोबांच्या बाजूला बुटका आहे, तो तोडायचा नाही. आपल्या बाजूला मोठा आहे, तो आणला." पुतण्या ओसरीवर बसला होता, त्याने ऐकले. बोलला काही नाही. यंत्रवाल्यास त्याने दिवाळीनंतरचा वायदा दिला होता. दिवाळी होऊन गेली, यंत्र अजून आलेले नाही. येणारच नाही असे मी म्हणत नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे मलाही ठाऊक आहे. परंतु तीन दिवसांच्या रंगासाठी बी वर्षभर मडक्यात जपावे लागते, आणि मृगापूर्वी ह्या वर्षीही मी पुडी सोडणार आहे. ह्या खेपेस निम्मे बी त्या मुलीच्या हातात देईन. कोणत्या बाजूला टाकावयाचे ते तिचे तिने ठरवावे.